नायमेखनचं झाड आणि तंटामुक्तीची हद्द

शनिवार, ८ मे २०२१. सकाळचे सहा चाळीस. आल्मेरेतल्या आपल्या घराच्या दक्षिणेकडच्या खिडकीशी मालिनी कारखानीस कान साफ करायच्या काडीचा कापूस स्पिरिटमध्ये बुडवून कढीपत्त्याच्या देठांच्या बेचक्यांतून फिरवत होत्या. पिठ्या ढेकूण पहिल्यांदा तिथेच बसतो. आज एकही सापडला नाही. दर शनिवारी त्या हे काम करतात, कीड असो वा नसो.

झाड त्यांच्या कमरेला लागतं. मिरजेहून बहिणीने दिलेल्या बियांतून आलेलं, दहा वर्षांचं. पहिले चार हिवाळे ते वीतभरच राहिलं होतं. मग मालिनीताईंनी त्याला रेडिएटरपासून हलवलं, पाणी तोडलं, ऑक्टोबरनंतर खत बंद केलं, आणि ते वाढायला लागलं. या अनुभवावर त्यांचं नाव झालं. नेदरलँड्समधल्या मराठी घरांत कढीपत्त्याची पानं पिवळी पडली की मालिनीताईंना फोटो पाठवायचा, अशी रीतच पडली होती.

त्या दिवशी मात्र त्यांना गाडी धरायची होती.

"कुठे निघालीस?" त्यांचे यजमान प्रकाश वरच्या खोलीतून उतरत म्हणाले. झुइडास या कचेऱ्यांच्या भागातलं त्यांचं ऑफिस करोनामुळे वर्षभर त्या खोलीतच होतं, त्यामुळे शनिवारीही ते तिथूनच उगवत.

"नायमेखनला. मैत्रिणीकडे."

"नायमेखनला तुझी मैत्रीण? कधीपासून?"

"आजपासून," मालिनीताई म्हणाल्या आणि मास्क शोधायला लागल्या.

मालिनीताई २००९ साली डोंबिवलीहून नवऱ्याच्या नोकरीच्या परवान्यावर इथे आल्या. आधी डोंबिवलीत त्या एका पतपेढीत होत्या. इथे पहिली तीन वर्षं भाषेच्या वर्गात आणि घरात गेली. मग एका लहान कंपनीत पगारपत्रकांचं अर्धवेळ काम मिळालं, ते अजून चालू आहे. तिथे त्यांना कुणी काही विचारायला येत नाही; काम चोख असलं की तिथे कुणी कुणाला काही विचारत नाही. विचारायला लोक येत ते 'परसदार'वर.

'परसदार' हा फेसबुकवरचा ग्रुप. मराठी मंडळींनी रोपं, कंद, बिया एकमेकांना द्यायच्या, पैसे न घेता, रोपाच्या बदल्यात रोप. २०१६ साली अकरा जणांनी सुरू केला, त्यात मालिनीताई होत्या. मग करोना आला, लोक घरात अडकले, प्रत्येकाला अचानक कोथिंबीर पेरावीशी वाटली आणि ग्रुप चार हजारांवर गेला. त्याबरोबर भांडणंही आली. एकाने अळूचा कंद म्हणून दिला तो शोभेचा निघाला आणि ॲम्स्टलफेनमधल्या एका कुटुंबाचा घसा दोन दिवस खाजत होता. दुसऱ्याने कबूल केलेलं गवती चहाचं रोप तिसऱ्यालाच दिलं. तेव्हा तीन जणांचं मंडळ नेमलं गेलं. गावच्या तंटामुक्तीची आठवण ठेवून कुणीतरी थट्टेने त्याला 'तंटामुक्ती' म्हटलं, आणि तेच नाव राहिलं.

मंडळाचे नियम विनायक पाटणकरांनी लिहिले. मूळचे पुण्याचे वकील, इथे एका बँकेत नियमपालनाच्या खात्यात. नियम एका पानात बसतात. मंडळ फक्त अदलाबदलीतली तक्रार ऐकेल. तक्रार रोप घेणाऱ्याने किंवा देणाऱ्याने करायची. मंडळ बदली रोप द्यायला सांगू शकतं, किंवा एखाद्याची अदलाबदल तीन महिन्यांपर्यंत थांबवू शकतं. याहून जास्त काही नाही. मंडळात पाटणकर, हेगच्या सुचेता भागवत आणि मालिनीताई. सुचेता शाळेत शिकवतात आणि कुठल्याही भांडणात पहिल्यांदा हसतात, त्यामुळे भांडणारे बरेचदा तिथेच गार होतात.

फेब्रुवारीत नायमेखनच्या योगिनी शेजवलकरने एक फोटो टाकला. ती बत्तीस वर्षांची, चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर, ग्रुपवर येऊन वर्षही झालं नव्हतं. फोटोत ती कढीपत्त्याच्या झाडाशेजारी उभी होती आणि झाड तिच्या डोक्यावरून वर गेलं होतं. त्याला पांढऱ्या फुलांचे घोस होते. बाहेर काचेवर बर्फ दिसत होतं. खाली दोनच शब्द: 'आमचं झाड.'

मालिनीताईंच्या झाडाला दहा वर्षांत फूल आलेलं नाही.

त्यांनी फोटो मोठा करून पाहिला. पानं खरी होती. फुलं खरी होती. त्याखालच्या प्रतिक्रिया त्यांनी पहिल्या दिवशी वाचल्या आणि मग रोज वाचत राहिल्या. 'योगिनी, तुझ्या हाताला गुण आहे गं.' 'हॉलंडमध्ये असं झाड पहिल्यांदाच पाहिलं.' हे दुसरं वाक्य लिहिणाऱ्या बाई मालिनीताईंच्या घरी येऊन, त्यांचं झाड पाहून, चहा पिऊन गेलेल्या होत्या.

मार्चपासून पिवळ्या पानांचे फोटो योगिनीकडे जायला लागले. ती उत्तरं द्यायची ती बरोबर असायची. ऑक्टोबरनंतर खत नको, रेडिएटरपासून लांब ठेवा. मालिनीताईंनी पाच वर्षं जे लिहिलं होतं तेच, पण खाली बदाम तिला.

"अगं, लोकांची झाडं जगतायत ना?" प्रकाश एकदा म्हणाले.

"जगोत की," मालिनीताई म्हणाल्या. "मी कुठे मरो म्हणतेय?"

एप्रिलच्या शेवटी तक्रार आली. ॲम्स्टलफेनच्या प्रिया नगरकरने योगिनीकडून रोप घेतलं, त्याला पिठ्या ढेकूण होता, तो तिच्या लिंबावर गेला. प्रियाने रोपाचे, लिंबाचे, पानांच्या खालच्या बाजूचे फोटो जोडले होते. योगिनीने त्याच दिवशी लिहिलं, चूक माझी, बघून द्यायला हवं होतं, दुसरं रोप देते. तंटामुक्तीच्या दृष्टीने एवढं सोपं प्रकरण क्वचित येतं.

"दहा मिनिटांचं काम आहे," पाटणकर व्हिडिओ कॉलवर म्हणाले होते. "बदली रोप, आणि देण्याआधी तपासायची समज. झालं."

"मूळ झाड बघायला हवं," मालिनीताई म्हणाल्या. "कीड तिथे असली तर दुसरं रोपही तसंच येणार."

"तर ती साबणाचं पाणी मारेल की, मालिनीताई. आपण कृषी खातं नाही."

"मला वाटतं, अशा माणसाची अदलाबदल थांबवावी. तीन महिने."

सुचेता हसल्या. "बापरे! अळूवाल्याला आपण दोन आठवडे दिले होते. त्याने माणसांचे घसे खाजवले."

निर्णय पुढच्या रविवारवर गेला. झाड बघायला जावं असं कुणी ठरवलं नाही. कुणी मालिनीताईंना पाठवलंही नाही. त्यांनीच योगिनीला निरोप केला की मी शनिवारी तुमच्या बाजूला येतेय, झाड बघायला आले तर चालेल का. तिने लगेच उलट लिहिलं: 'ताई, विचारता काय! या ना!'

गाडीत दर स्टेशनाआधी घोषणा होत होती की फक्त गरजेचाच प्रवास करा. मालिनीताईंच्या मते हा गरजेचा होता. उट्रेख्टला गाडी बदलून त्या दहाच्या आधी नायमेखनला पोहोचल्या.

योगिनीचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं, खिडक्या उत्तरेला. मालिनीताईंना हे दारातूनच दिसलं. उत्तरेच्या खिडकीत कढीपत्ता पुरुषभर वाढत नाही. खिडकीच्या कठड्यावर आठ-दहा लहान रोपं होती, निरोगी, नीट पाणी दिलेली. मोठं झाड कुठेच नव्हतं.

"झाड कुठंय?" त्यांनी बूट काढता काढता विचारलं.

"ते होय? ते इथे कुठलं, ताई!" योगिनी म्हणाली. "ते फोल्क्सटाउनमध्ये आहे." शहराच्या कडेला बागेसाठी भाड्याने जमिनीचे तुकडे मिळतात, त्यांना इथे तसं म्हणतात. "आमच्या शेजारच्या तुकड्यात एक सुरिनामी बाई आहेत, त्यांचं काचघर आहे, तापवलेलं. झाड त्यांचं. वीस वर्षांचं. मी पाणी घालते, मुळाशी फुटवे येतात ते त्या मला देतात. तीच रोपं मी वाटते."

"पण तू 'आमचं झाड' लिहिलंस."

योगिनी लाजली. "लिहिलं खरं. म्हणजे आमच्या बागांमधलं, अशा अर्थी. मग सगळे घरचंच समजले, आणि इतकं कौतुक करायला लागले... मग नाही बोलले. चूकच ती. तुम्ही बसा ना."

मालिनीताई बसल्या. तीन महिने ज्या झाडाने त्यांची झोप खाल्ली होती ते योगिनीचं नव्हतंच. हे आता त्यांना माहीत होतं आणि चार हजार लोकांना माहीत नव्हतं. अशा वेळी माणसाने चटकन उठून निघावं. पण समोरच्या कपाटावर चैत्रगौर मांडलेली होती. पितळेची लहानशी गौर, पुढे हरभरे, कलिंगडाची कातरलेली फोड, कैरीची डाळ झाकून ठेवलेली.

"यंदा कुणाला बोलवायचं म्हटलं तर दिवसाला दोनच पाहुणे," योगिनी म्हणाली. "तुम्ही पहिल्या आलात. हळदीकुंकू घेतल्याशिवाय सोडणार नाही."

हळदीकुंकवाला नाही म्हणायची तोंडं वेगळी असतात. मालिनीताईंचं तसं नाही. त्यांनी कुंकू लावून घेतलं. पन्हं घेतलं. डाळ खाल्ली, ती चांगली झाली होती, तेही त्यांना आवडलं नाही. योगिनीने भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओटी भरली आणि वाण म्हणून हातात कढीपत्त्याचं रोप दिलं.

"तुम्हाला मी काय देणार?" ती म्हणाली. "तुमच्याच पोस्ट वाचून शिकलेय सगळं. पण राहू दे तुमच्याकडे एक आमच्याकडचं. एक फोटो काढू?"

फोटो निघाला. मालिनीताई गाडीत बसून उट्रेख्टला पोहोचायच्या आत तो 'परसदार'वर होता. कपाळावर कुंकू, हातात रोप, शेजारी हसणारी योगिनी. खाली लिहिलं होतं: 'साक्षात मालिनीताई आमच्या घरी!'

त्याखाली पहिली प्रतिक्रिया प्रियाची होती. 'माझी तक्रार यांच्यापुढे चालू आहे ना? मग या तिच्याकडून रोप कसं घेतात?'

रविवारी दुपारी चार वाजता तिघं व्हिडिओ कॉलवर बसले. सुचेता या वेळी हसत नव्हत्या.

"तुम्हाला तिथे कुणी पाठवलं?" पाटणकरांनी विचारलं.

"कुणी नाही. मी झाड बघायला गेले."

"आणि रोप घेऊन आलात."

"हळदीकुंकवाचं वाण होतं ते, विनायकराव. तुमच्या बायकोला विचारा, वाण परत करतात का."

"बायकोला विचारलं," पाटणकर म्हणाले. "ती म्हणाली परत करत नाहीत. मग हेही म्हणाली की तक्रार निकालात निघेपर्यंत जात नाहीत."

सुचेता म्हणाल्या, "मालिनीताई, तुम्ही आदल्या रविवारी तिची अदलाबदल तीन महिने थांबवा म्हणत होतात. आता प्रिया म्हणतेय तुम्ही योगिनीच्या बाजूच्या. दोन्हीकडून तुम्ही यात बसू शकत नाही. या प्रकरणापुरत्या बाजूला व्हा, एवढंच."

"होते. पण आधी ऐका." मालिनीताईंनी झाडाचं सांगितलं. उत्तरेच्या खिडक्या, काचघर, सुरिनामी बाई, वीस वर्षं. त्या भराभर बोलत होत्या. "तीन महिने सगळ्या ग्रुपला फसवलंय तिने. तिने स्वतः कबूल केलं माझ्यासमोर."

पाटणकरांनी चष्मा काढून पुसला. "ही तक्रार कुणाची आहे?"

"म्हणजे?"

"ज्यांनी तिच्याकडून रोपं घेतली त्यांच्यापैकी कुणाची?"

"कुणाची नाही. त्यांना माहीतच नाही!"

"मग ती आपल्यापुढे नाही."

"आणि मी केली तर?"

"तुम्ही केलीत तर तुम्ही मंडळात राहू शकत नाही. या प्रकरणापुरत्या नव्हे. तक्रार शोधायला घरोघर जायचं, सापडली की स्वतःच करायची आणि मग पुढच्या आठवड्यात दुसऱ्यांचे निवाडे करायचे, हे चालणार नाही. उद्या मला कुणाचं तोंड आवडलं नाही तर मीही निघेन गाडीने."

"मला तिचं तोंड आवडत नाही असं म्हणायचंय तुम्हाला?"

पाटणकरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. सुचेता म्हणाल्या, "मालिनीताई, राहू द्या ना. खुर्ची ठेवा. लोकांना तुमचा आधार आहे."

"आता लोकांना तिचा आधार आहे," मालिनीताई म्हणाल्या, आणि हे वाक्य त्या कॉलवर मोठ्याने बोलल्या हे त्यांच्या लक्षात यायला क्षणभर लागला.

प्रियाचं प्रकरण त्याच बैठकीत दोघांनी संपवलं: बदली रोप, देण्याआधी तपासणी. सोमवारी सकाळी मालिनीताईंनी मंडळाची जागा सोडली आणि साधी सभासद म्हणून रीतसर तक्रार केली. त्यांचं म्हणणं मुद्द्याला धरून होतं: फोटोतलं झाड सभासदाचं नाही, ते आपलं म्हणून दाखवून तिने नाव मिळवलं, सबब तिची अदलाबदल थांबवावी आणि मंडळाने हे ग्रुपवर जाहीर करावं. सगळा भर शेवटच्या मागणीवर होता. त्यांना योगिनीला शिक्षा होण्यापेक्षा मंडळाच्या तोंडून ते झाड तिचं नाही हे जाहीर व्हायला हवं होतं. मंडळाने सांगितलं असतं तर तो निवाडा झाला असता.

त्यांच्या जागी आइंडहोवनच्या नीळकंठ गद्रे यांना घेतलं. चार दिवस मंडळ गप्प होतं. त्या दिवसांत मालिनीताईंनी योगिनीचं रोप न्हाणीघरात वेगळं ठेवलं होतं, कीड नाही याची खात्री होईपर्यंत. प्रकाश त्याला विलगीकरण म्हणत. कीड नव्हती. बुधवारी त्याला नवा फुटवा आला. मालिनीताईंनी तो पाहिला आणि दिवा बंद केला.

शुक्रवारी, अक्षय्य तृतीयेच्या दुपारी, मंडळाचं उत्तर आलं. भाषा पाटणकरांची होती. सभासदाने फोटोखाली जे लिहिलं त्यातून गैरसमज झाला, हे तिने मंडळाकडे मान्य केलं आहे. मात्र ज्यांना रोपं मिळाली त्यांना त्याच झाडाची मिळाली. अदलाबदलीत कुणाची फसवणूक झालेली नाही. कोणाचं कौतुक किती व्हावं आणि ते योग्य जागी होतं की नाही, हे पाहणं मंडळाचं काम नाही. मंडळ ते करायला लागलं तर करण्यासारखं दुसरं काही उरणार नाही. तक्रार ऐकून घेण्यात येत नाही. तक्रारदारांना स्वतःच्या नावाने ग्रुपवर लिहायला अर्थातच मोकळीक आहे.

उत्तराबरोबर सुचेतांचा वेगळा निरोप होता. 'माझं मत थोडं वेगळं पडलं. फोटोखालचं वाक्य तिला दुरुस्त करायला सांगावं असं मी म्हणत होते. पण दोन विरुद्ध एक झालं, आणि खरं सांगू, विनायकराव बरोबर आहेत. वाईट पुष्कळ असतं हो, त्यातलं थोडंच आपल्या हद्दीत येतं.'

मालिनीताईंनी जेवणाच्या टेबलाशी बसून पोस्ट लिहायला घेतली. पाच वाक्यं झाली. त्यातलं प्रत्येक खरं होतं. त्यांनी दोन खोडली, एक परत घातलं, आणि फोन प्रकाशपुढे सरकवला.

त्यांनी वाचलं. "सगळं खरं आहे?"

"शब्दन् शब्द."

"हं." त्यांनी परत वाचलं. "मग यात तूच का दिसतेस सगळीकडे?"

"मी कुठे दिसतेय? माझं नावसुद्धा नाही त्यात."

"वर आहे ना," प्रकाश म्हणाले. फेसबुकवर पोस्टच्या वर लिहिणाऱ्याचं नाव आणि लहान गोल फोटो येतो. मालिनीताईंचा फोटो त्यांच्या झाडाशेजारचा होता, कमरेएवढ्या, बिनफुलाच्या.

त्यांनी फोन परत घेतला. बराच वेळ बोट बटणावर होतं. तेच मंडळाने लिहिलं असतं तर लोकांनी योगिनीकडे पाहिलं असतं; त्यांनी लिहिलं तर लोक त्यांच्याकडे पाहतील, आणि त्यांना जे दिसेल ते खोटं नसेल. त्यांनी पोस्ट पुसली. मग योगिनीचा फेब्रुवारीतला फोटो पुन्हा उघडला. खाली आणखी तीन बदाम आले होते. एक सुचेतांचा होता.

"दिला असेल सहज," प्रकाश म्हणाले.

"सहजच दिलाय," मालिनीताई म्हणाल्या. "माझ्या फोटोला सहज कधी दिला नाही तिने."

उद्या शनिवार, १५ मे. इथल्या बागकाम करणाऱ्यांच्या मते मेमधल्या थंडीचे शेवटचे दिवस चौदाला संपतात आणि त्यानंतर नाजूक रोपं बाहेर काढता येतात, म्हणून 'परसदार'ची वसंतातली अदलाबदल दरवर्षी त्यानंतरच्या पहिल्या शनिवारी आल्मेरेत होते. यंदा गर्दी नको म्हणून प्रत्येकाला वेळ ठरवून दिली आहे. मालिनी कारखानीस यांची दहा वीसची आहे, आणि लगेच पुढची, दहा तीसची, योगिनी शेजवलकरची.